हॅलोबाईंची दुसरी लाइन

हॅलोबाईंचं खरं नाव आता पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलं आहे. गल्लीला ते ठाऊक नाही, आणि कुणी चुकून त्या नावाने हाक मारलीच तर बाईंनाच वळायला वेळ लागतो. एकतीस वर्षं त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉलच्या बोर्डावर बसल्या. कानावर जड हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या. एक दोरी या गावच्या भोकात, दुसरी त्या गावच्या, आणि मधे त्यांचा आवाज, "हॅलो, बोला, जोडलंय." किती बापांना लेकी जोडून दिल्या, किती भांडणं मिटेपर्यंत लाइन धरून ठेवली, त्याची गणती नाही. आवाज जोडण्याचं काम असं आहे की ते नीट झालं तर करणारा दिसत नाही. न दिसण्याचाच हॅलोबाईंना अभिमान होता.

त्या नोकरीने त्यांच्या अंगात दोन सवयी मुरवल्या. पहिली, प्रत्येक कॉलचं कागदी तिकीट. कधी जोडला, कधी तुटला, पुन्हा कधी जोडला, सगळं पेन्सिलीने, घड्याळ बघून. अंदाजपंचे लिहिलेलं तिकीट त्या काळी फाडून टाकत. दुसरी सवय मोठी. कॉल जीवनमरणाचा असेल तर एकाच लाइनवर विसंबायचं नाही, दुसरी उघडून हातात धरून ठेवायची. एकदा मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर आडगावच्या नर्सला अडलेलं बाळंतपण कसं सोडवायचं ते फोनवरून सांगत होते. वाक्याच्या मधोमध लाइन मेली. डॉक्टरांचा पुढचा शब्द तोंडातून निघायच्या आत हॅलोबाईंनी दुसरी दोरी खोचली होती. तिकडे बाळ रडलं. लाइन तुटली होती हे नर्सला आजही माहीत नाही. हॅलोबाईंनी ते फक्त ताईला सांगितलं.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, पाच वर्षांनी मोठी. मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिचा आवाज असा की वर्गात "हातचा एक" म्हणाली की मैदानात खेळणाऱ्या पोरी दचकायच्या. ताईचे यजमान गेले, मुलगा दूरच्या शहरात रंगाच्या कारखान्यात लागला, हॅलोबाई तर पहिल्यापासून एकट्या. दोघींनी दोन खोल्या आणि स्वयंपाकघराचं घर एकत्र थाटलं आणि बारा वर्षं आनंदाने भांडल्या.

मग पाच महिन्यांपूर्वी एका सकाळी ताईच्या हातून कंगवा पडला. "अगं, उचल" म्हणायला तिने तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. मेंदूत रक्ताची गाठ. उजवा हात लुळा पडला, नजरेची उजवी बाजू अर्धी पुसली. हात थोडा थोडा परत आला. चालणं आलं. समज तर कुठे गेलीच नव्हती. पण शब्द गेले ते गेले. सगळे गेले आणि एक मागे राहिला: ते. पाणी हवं तरी ते, खिडकी लाव तरी ते, हॅलोबाईंनी भाजीत मीठ जास्त घातलं तरी डोळे वटारून ते, ते, ते!

"कळलं," हॅलोबाई म्हणायच्या. "खारट झालंय. सरळ सांग की."

आणि ताई हसायची. हसू तिचं अख्खं शाबूत होतं.

बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, पण त्या पाच तासांवरच्या शहरात. बसचा तेवढा प्रवास ताईला झेपणारा नव्हता. मॅडम म्हणाल्या, मी पडद्यावरून शिकवते, मंगळवारी आणि शुक्रवारी, अकरा ते पावणेबारा. मात्र फोनच्या तळहाताएवढ्या पडद्यावर चालणार नाही. आजींना माझे ओठ दिसले पाहिजेत, जीभ कुठे लागते ते दिसलं पाहिजे, चेहरा ताटाएवढा हवा.

ताटाएवढा चेहरा दाखवायची सोय घरात होती. ताईच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी टीव्हीच्या मागे एक छोटा कॉम्प्युटर बसवून दिला होता. पत्त्यांच्या जोडाएवढी डबी. कारखान्यात तो रंग घोटायचा, पण कॉम्प्युटर त्याचा छंद. त्या डबीवर दोघी बहिणी जुने सिनेमे बघायच्या, नातवंडांचे फोटो बघायच्या. डबीला तार फक्त विजेची. बाकी सगळं ती हवेतून घ्यायची, बोळातल्या राउटरकडून. टेलिफोनची तार घरात बोळातच शिरते, म्हणून राउटर तिथल्या तिपाईवर, आणि त्याला खेटूनच हॅलोबाईंच्या कॉर्डलेस फोनची बैठक. तोही भाच्यानेच, स्वतःचा जुना आणून दिलेला, म्हणजे आईला सोडून मावशीला फोनकडे धावावं लागू नये.

पहिल्या पाठाला भाचा रजा काढून आला होता. डबीवर कॅमेरा लावला, मॅडमचा चेहरा टीव्हीभर उमटला, आणि पाऊण तास लोण्यासारखा गेला. ताईने ओठ मिटले, नाकातून घूं केलं, आणि ओठ उघडताच "मा" बाहेर पडलं. पाच महिन्यांत "ते" सोडून पहिला आवाज. हॅलोबाई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडल्या, म्हणजे ऐकू जाऊ नये.

भाचा परत गेला, आणि पुढचे तीन पाठ मातीत गेले.

अकराला मॅडम दिसायच्या. दोन-चार मिनिटांत चेहरा थिजायचा, ओठ अर्धे उघडे. मग चौकोन चौकोन व्हायचे, मग पडद्यावर पाटी: वायफाय जोडणी तुटली. पुन्हा जोडावी, पुन्हा तुटावी. ताई ओठांचा चंबू करून बसलेली, आणि समोर काळा पडदा. तिसऱ्या वेळी तिने डाव्या हाताने खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

त्या शुक्रवारी मॅडमनी हॅलोबाईंच्या मोबाइलवर फोन केला. अंगणात जाऊन घ्यावा लागला, घराच्या भिंतींत मोबाइल नीट चालत नाही.

"माझ्या बाकी सगळ्या पेशंटचं नीट चालतंय हो. तुमच्याकडेच काहीतरी आहे," मॅडम म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका, पण एक गृहस्थ दोन महिने वेळेसाठी थांबलेत. मंगळवारी पुन्हा असंच झालं तर ही वेळ मला त्यांना द्यावी लागेल. शब्द परत यायचे दिवस हेच असतात. असे तुटके पाठ म्हणजे आजींचेही वाया आणि त्यांचेही."

"मंगळवारी तुटणार नाही," हॅलोबाई म्हणाल्या. एकतीस वर्षांत असं वचन त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. लाइनचा भरवसा लाइनमनसुद्धा देत नाही.

हातात चार दिवस. त्यांनी कॉर्डलेस उचलला आणि भाच्याला लावला. "सांग काय करू. मी डबीसमोर बसलेय."

"मावशी, आधी सगळं बंद करून चालू कर."

"सहा वेळा केलं."

"सातव्यांदा कर. कॉम्प्युटरला मान लागतो."

सातव्यांदा केलं. डबी जोडली गेली, त्यांनी फोन कानाशी धरूनच एक सिनेमा लावला, आणि तो थिजला. मग भाच्याने चार्जर बघायला सांगितला. डबीचा मूळचा चार्जर ड्रॉवरमध्ये, आणि लावलेला कुठल्याशा जुन्या मोबाइलचा. "वीज कमी पडत असेल, उपाशी बैल नांगर कसा ओढणार!" मूळचा लावला. थोडा फरक पडल्यासारखा वाटला. वाटला तेवढाच. मग डबी टीव्हीच्या पत्र्यामागून काढून बाजूला सुतळीने टांगली, जणू पिंजऱ्यातला पोपट. चित्र हललं, दहा मिनिटं धावलं, पुन्हा थिजलं.

शनिवारी भाचा म्हणाला, "हे वायफाय काम नसलं की डुलकी घेतं, वीज वाचवायला. ती डुलकीच बंद करू. कीबोर्ड घे, मी एकेक अक्षर सांगतो."

हॅलोबाईंना इंग्रजी अक्षरं टाइप करायची म्हणजे बोर्डावरच्या दिवसांसारखंच. तो सांगायचा, त्या प्रत्येक अक्षर परत म्हणायच्या, मगच दाबायच्या. "आडवी रेघ," तो म्हणाला. "आडवी रेघ," त्या म्हणाल्या. "रेघ वरची का खालची? नीट सांग, आमच्या वेळी अशा अर्धवट आकड्यांवर कॉल जोडत नव्हते." पाऊण तासाने ओळ पुरी झाली. डुलकी गेली. आणि भाचा फोनवर असतानाच चित्र पुन्हा थिजलं.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," तो दमून म्हणाला. "मावशी, डबीच खराब झाली असेल. नवीन पाठवतो. दहा दिवस लागतील."

"मंगळवार दहा दिवसांवर नाही रे."

"मग काय करू सांग."

त्यांनी फोन ठेवला. रविवारी दोघींनी अडीच तासांचा सिनेमा बघितला. एकदाही तुटला नाही. हॅलोबाईंचं सिनेमात लक्ष नव्हतं. ही डबी सिनेमाला धड चालते, मॅडमच्या वेळेला नेमकी मरते. खराब वस्तू अशी वेळ बघून खराब होत नाही. बोर्डावर त्यांच्या वरच्या बाई म्हणायच्या, दोष सापडत नसेल तर शोधणं सोड आणि लिहायला लाग.

सोमवारी सकाळी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापल्या, तिकिटाच्या मापाच्या. पेन्सिलीला टोक केलं. डबीवर एकामागून एक जुने सिनेमे लावून ठेवले, दिवसभर. आणि ताईला समोर बसवून तिच्या डाव्या हातात चमचा दिला, शेजारी स्टीलचा पेला.

"चित्र थांबलं की एकदा वाजव. चालू झालं की दोनदा. मी घरात कुठेही असले तरी ऐकेन."

ताईने असं बघितलं की, एवढं सोपं गणित मला? पण बसली. ताठ बसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिला कुणी काम दिलं होतं.

दिवस मावळेपर्यंत पेला सहा वेळा वाजला. तीनदा थांबताना, तीनदा चालू होताना. ट्रंकची बाई एका कानाने बोलते आणि दुसऱ्याने ऐकते. हॅलोबाई फोनवर असोत की चुलीशी, टण् ऐकू आलं की नजर घड्याळाकडे आणि पेन्सिल पट्टीवर. दिवे लागायच्या सुमाराला तिन्ही पट्ट्या त्यांनी टेबलावर मांडल्या. नऊ वीस ते नऊ बत्तीस. बारा पाच ते बारा नऊ. चार चाळीस ते पाच दहा.

"नऊ वीसला मी कुकर लावला होता," त्या म्हणाल्या. "पण बाराला कुकर नव्हता. चारला शेजारी काहीतरी ठोकत होते. का ते परवा?"

ताई पट्ट्यांकडे बघत होती. पस्तीस वर्षं तिने पोरींच्या वह्यांत उत्तर बरोबर आणि रीत चूक, किंवा रीत बरोबर आणि उत्तर चूक, हे शोधलं होतं. तिचं बोट पहिल्या पट्टीवर गेलं, दुसऱ्या, तिसऱ्या. मग ती उठली. भिंतीला धरून बोळात गेली आणि कॉर्डलेस फोन घेऊन आली. तो तिन्ही पट्ट्यांच्या वर आडवा ठेवला.

"ते," ताई म्हणाली.

"लेकाशी बोलायचंय? लावते हं."

"ते!" ताईने मान जोरात हलवली, पण हॅलोबाईंचं बोट आकड्यांवर गेलं होतं. पलीकडे भाचा "हॅलो" म्हणाला आणि इकडे टीव्हीवर नायिका पळता पळता एका पायावर थिजली.

ताईने चमचा उचलला आणि पेल्यावर सावकाश एकदा आपटला. टण्.

हॅलोबाईंनी फोनकडे बघितलं. टीव्हीकडे बघितलं. फोन ठेवला. थोड्या वेळाने नायिका पळायला लागली. टण् टण्. पुन्हा लावला, पुन्हा थिजली. नऊ वीसला भाच्याचाच फोन होता, बारा मिनिटं. बारा पाचला औषधाच्या दुकानातून. चार चाळीसला एक्सचेंजमधल्या जुन्या मैत्रिणीचा, आणि ती अर्ध्या तासाच्या आत कधी ठेवत नाही.

त्या खुर्चीत बसल्या. कारण खरी गोष्ट आता समोर आली होती. तिन्ही पाठांच्या वेळी अकराला पाच कमी असताना त्यांनी भाच्याला फोन लावून ठेवला होता. तो कारखान्यात फोन खिशात चालू ठेवून रंग घोटायचा आणि त्या पाऊण तास फोन मांडीवर उघडा ठेवायच्या. काही बिघडलं तर हाकेसरशी मदत. जीवनमरणाचा कॉल, म्हणून दुसरी लाइन. ज्या पाठाला भाचा स्वतः घरात होता त्याला ती धरायची गरज पडली नाही, आणि तोच तेवढा तुटला नाही.

"म्हणजे मीच तोडत होते," त्या म्हणाल्या. "ताई, तुझा पाठ मीच तोडत होते गं."

ताई हसायला लागली. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग डोळ्यांतून पाणी. इतकी हसली की हॅलोबाईंना राग आला आणि मग त्याही हसल्या.

अंगणात जाऊन त्यांनी मोबाइलवरून भाच्याला सांगितलं. पलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! मावशी, तो फोन जुना आहे, तो आणि वायफाय एकाच लहरीवर बोलतात. हवेतली एकच पायवाट. तू बोलायला लागलीस की डबीला वाट मिळत नाही. त्यात दोघं एका तिपाईवर! आणि मी शहाणा त्याच फोनवरून तुला दुरुस्ती शिकवतोय."

"शिकवलंस ते चांगलंच शिकवलंस. दोषाच्या मांडीवर बसून शिकवलंस एवढंच."

"उद्या पाठाच्या वेळी त्या फोनची बैठकच प्लगमधून काढून ठेव. काहीसुद्धा तुटणार नाही."

"आणि तुटलंच तर? तुला हाक कशी मारू?"

"नाही मारायची, मावशी."

हे सोपं वाक्य हॅलोबाईंना रात्रीच्या जेवणाबरोबर गिळता येईना. मोकळ्या हाताने कॉलवर बसायचं ही त्यांच्या लेखी हयगय होती. ज्या सवयीने एक बाळ जगात आलं, ती सवय उद्या नेमकी बाजूला ठेवायची. चार्जर बदलताना, ओळ टाइप करताना त्यांना कष्ट पडले नव्हते. हे जड होतं.

मंगळवारी अकराला पाच कमी असताना त्यांनी फोनचा प्लग काढला. बैठकीवरचा हिरवा दिवा विझला. मोबाइल अंगणातल्या कट्ट्यावर ठेवून आल्या, म्हणजे हात शिवशिवायला नको. आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

मॅडम आल्या, ताटाएवढ्या. "काय आजी, आज दिसतेय ना मी?"

आजी म्हटलं की ताई नाक मुरडायची. तिने मुरडलं.

पाच मिनिटं गेली. हॅलोबाईंचे हात कुठे ठेवावे ते त्यांना कळेना. पदराचं टोक पिळलं, सोडलं. दहा मिनिटं. मॅडम ओठ मिटून दाखवत होत्या, ताई मिटत होती. "मा" आलं. "मी" आलं, जरा वाकडं. वीस मिनिटं. बाहेर एक मोटारसायकल गेली आणि हॅलोबाईंनी झटकन पडद्याकडे बघितलं, पण चित्र वाहत राहिलं. मॅडम ओठ उघडायच्या आणि ओठ पुरे उघडायचे, मिटायच्या आणि पुरे मिटायचे. अर्धा तास झाला तेव्हा हॅलोबाईंचे गुडघे दुखायला लागले होते, पण हलावं तर मोडेल, असं वाटून त्या तशाच खांबासारख्या उभ्या.

मॅडम एकेक चित्र दाखवत होत्या, पेला, चावी, खुर्ची. ताई प्रत्येकाला "ते" म्हणत होती आणि आपल्यावरच चिडत होती.

"खुर्ची. खुर्चीचं आपण काय करतो आजी? सावकाश सांगा. घाई नाही."

ताईचं लक्ष खुर्चीच्या चित्रावरून उडालं. तिने मान डावीकडे वळवली आणि दाराशी उभ्या असलेल्या बहिणीकडे बघितलं. कपाळाला आठी पडली, अगदी जुनी, वर्गात उभ्या राहिलेल्या पोरीवर पडायची ती. ओठ मिटले. गाल फुगले.

"बैस," ताई म्हणाली.

खोलीत कुणी हललं नाही. मॅडमही नाहीत, आणि हॅलोबाईंना वाटलं पुन्हा थिजलं की काय. मग मॅडमच्या हातातलं चित्र खाली आलं.

"हे... हे मी ऐकलं ते त्या बोलल्या?"

"बोलली," हॅलोबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बोर्डावरच्या आवाजासारखा सपाट निघाला, कारण दुसरा कुठला निघाला नसता. "पण अर्धंच बोलली. पूर्वी 'बैस गं मेले' म्हणायची."

मॅडम खळखळून हसल्या. "मग उरलेलं शुक्रवारी घेऊ. अकरा वाजता. ही वेळ तुमचीच. त्या गृहस्थांना मी संध्याकाळची बघते." आणि ताईकडे वळून म्हणाल्या, "अजून दहा मिनिटं आहेत. पुन्हा एकदा सांगा बघू त्यांना. ऐकत नाहीयेत त्या."

ताईने पुन्हा ओठ मिटले. या वेळी "बै" आलं आणि पुढचं आलं नाही. तिने डाव्या हाताने शेजारच्या खुर्चीवर थाप मारली.

हॅलोबाई आल्या, रिकाम्या हातांनी, आणि बहिणीच्या शेजारी बसल्या.